दातपारखी

मराठी लग्नात नवरीचा चेहरा आधी बघणारी माणसं वेगळी आणि नथ आधी बघणारी वेगळी. आमची ताईआत्या दुसऱ्या पंथातली. नवरीचं नाव तिला बारशापर्यंत पाठ होत नाही, पण नथीतला कोणता मोती बारीक, कशाचं पाणी उतरलंय आणि मधला लाल खडा काचेचा कसा आहे, हे वीस वर्षांनी झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगते. जुन्या अल्बममधली माणसं ओळखेनाशी झाली की घरातले तिला बोलावतात. ती चष्मा पुसते, फोटो खिडकीकडे धरते आणि म्हणते, "ही कोण ते नाही आठवत. पण ह्या कुड्या सांगलीच्या." मग त्या लग्नाला सांगलीहून कोण कोण आलं होतं ते आठवायचं काम बाकीच्यांचं.

अशी एक बाई प्रत्येक गोतावळ्यात असते. सोन्याला सोनार आहे, हॉलमार्क आहे. हिऱ्याबरोबर कागद येतो. मोत्यावर मात्र शिक्का मारता येत नाही, त्यामुळे ती जागा रिकामी राहते आणि ताईआत्यासारखी माणसं त्या जागेवर बिनविरोध निवडून येतात.

"बघू गं जरा," हे तिचं पहिलं वाक्य. त्यातला 'जरा' फसवा. दागिना तिच्या हातात गेला की जिलबी वाढून होईपर्यंत परत येत नाही. आधी ती तो तळहातावर तोलते. प्लास्टिकचा मणी इथंच बाद होतो, कारण त्याला ना वजन ना गारवा. मग ती मोती गालाला लावते. काचही गारच लागते, त्यामुळे ह्या परीक्षेला तसा काही अर्थ नाही, पण ती करताना आत्या डोळे मिटते आणि समोरची बाई आपोआप हात जोडायच्या बेतात येते. मग खिडकीशी जायचं, कारण कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांवर तिचा विश्वास नाही. सर्वांत शेवटी पदर सावरून, भिंतीकडे तोंड करून, ती तो मोती वरच्या पुढच्या दातांच्या कडेवरून आडवा फिरवते. हलकेच, दोनदा. ह्या दोन घासण्यांच्या मधल्या वेळात मालकिणीच्या चेहऱ्यावर जे येतं ते बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही येत नाही.

दाताला बारीक खरखर लागली तर मोती, सुळकन गुळगुळीत गेला तर काच. ही परीक्षा आत्याच्या आधीपासूनची आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. शिंपल्याच्या आतल्या अंगाला जी चकाकी असते, तेच द्रव्य तो प्राणी थरावर थर चढवत जातो आणि त्याचा मोती होतो. हे थर म्हणजे चुन्याचे पापुद्रे, एकेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, आणि मध्ये चिकटवायला थोडं सेंद्रिय द्रव्य. मोत्याची झळाळी ह्या पापुद्र्यांतून उजेड आत-बाहेर खेळतो त्यातून येते. डोळ्याला पृष्ठभाग लोण्यासारखा दिसला तरी त्या पापुद्र्यांच्या कडा दाताला सापडतात. काचेच्या मण्यावर मुलामा दिलेला असतो. त्याला कडा नाहीत आणि खरखरही नाही.

ह्या शास्त्राची दुसरी बाजू आत्याला सांगायची कुणाची छाती नाही. मोत्याचा कठीणपणा मोहस् मापावर अडीच ते साडेचारच्या दरम्यान येतो आणि दाताच्या वरच्या कवचाचा पाचच्या आसपास. म्हणजे परीक्षक उमेदवारापेक्षा कठीण. साठ वर्षांत आत्याच्या दातांनी आमच्या नात्यातल्या मोत्यांची किती झीज केली असेल ह्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. मोती मोत्यावर हलकेच घासला तरी तीच खरखर कळते आणि तोंडात काही घालावं लागत नाही. पण मग भिंतीकडे तोंड कोण करणार?

निकाल ती 'खरा' किंवा 'खोटा' असा कधीच देत नाही. नुसतं "आहे" म्हणाली तर त्या बाईनं घरी जाऊन लॉकरची चौकशी करावी. "बरा आहे" म्हणजे खरा, पण पाणी कमी. "शोभून दिसतो हो तुला" म्हणजे काच. आणि दागिना मुकाट्यानं परत देत "साडी कुठून घेतलीस?" असं विचारलं तर प्लास्टिक. ही परिभाषा आता गोतावळ्यात सगळ्यांना पाठ झाल्यामुळे भलतीच पंचाईत होते. एकदा एका बिचारीची इरकल आत्याला मनापासून आवडली, तिनं विचारलं, तर ती बाई न जेवता निघून गेली.

ताईआत्या चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. अंड्याचा केक ज्या सुरीनं कापला ती सुरी तिच्या घरात येत नाही. पण मोती हा कालवाच्या कुळातल्या एका प्राण्याच्या अंगातून निघतो, ह्या गोष्टीचा आणि आपल्या दातांचा संबंध तिनं कधी जोडलेला नाही. मी एकदा धीर करून विषय काढला. "मोती विटाळत नाही," ती म्हणाली. "स्वातीचा थेंब आहे तो." स्वाती नक्षत्रातल्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ह्यावर तिची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात तो शिंपला समुद्राच्या तळाशी असतो, तिथं कुठल्याच नक्षत्राचा पाऊस पोचत नाही. एखादी अळी आत शिरली किंवा आतल्या मऊ पडद्याला इजा झाली की शिंपला त्या जागेभोवती वेष्टण घालू लागतो. वाळूचा कण म्हणतात तो बहुतेक वेळा नसतोच. म्हणजे नीट पाहिलं तर मोती ही एका जिवाची न बोलता सोसलेली कटकट आहे. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, "मग बायकांनाच शोभणार," आणि विषय संपला.

काचेच्या मोत्याची हकीकत तर तिला अजून सांगितलेलीच नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मणी करणाऱ्या कारागिरानं गोड्या पाण्यातल्या एका लहान माशाच्या खवल्यांपासून चकचकीत लेप काढला आणि तो काचेच्या मण्यांच्या आतून लावला. पुढं तो बाहेरून देऊ लागले. अस्सल मोती कालवाचा आणि नकली माशाच्या खवल्याचा, हे कळलं तर सोवळ्यात गळ्यात काय घालायचं हा प्रश्न निर्माण होईल, आणि माझ्या घरी अजून दोन मुंजी व्हायच्या आहेत.

तिचा खरा देव म्हणजे बसरा. 'बसरा' हा शब्द उच्चारताना ती आवाज खाली आणते. तो मोती बसऱ्याच्या समुद्रात मुळी निघतच नसे. बहारीन, कुवेत, कतारच्या उथळ किनाऱ्यांवर पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगडाचं वजन घेऊन खाली उतरत, आणि माल मुंबईला येई. मुंबईत त्याला वेज पाडायचं, मोती निवडायचे, सर ओवायचे आणि तिथून पॅरिस-लंडनपर्यंत जायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढं कित्येक वर्षं आखाताच्या मोत्याची पेठ मुंबईच होती. भाव ठरे तो वजनाच्या वर्गानं. मोती दुप्पट वजनाचा असेल तर किंमत चौपट. 'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण ज्यानं केली त्याला हा हिशोब नक्की ठाऊक असणार.

आत्याच्या गळ्यातला तन्मणी बसऱ्याचा. तीन पदर, खाली खड्यांचं पदक. तो आमच्या पणजोबांना बडोद्याला मिळाला, असं ती सांगते. बडोद्याला नोकरी करणारा पणजोबा नसलेलं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्यातल्या एकाही पणजोबाला महाराजांनी नुसता पगार दिल्याचं ऐकलेलं नाही. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमाराला मोत्यांची एक अख्खी चादर करवून घेतली होती. लाखो बारीक मोती, वर हिरे-माणकं. ती २००९ साली दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेली. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या चादरीतून उरलेले मोती पणजोबांना बक्षीस मिळाले. चादर विणली जात होती तेव्हा पणजोबांची मुंजही झालेली नव्हती, आणि चादरीतले मोती राईपेक्षा फार मोठे नाहीत. पण हे बोलून दाखवणारा माणूस आमच्याकडे जेवायला बोलावला जात नाही.

बाकीच्या रत्नांना ती 'दगड' म्हणते. हिरा दगड, माणिक दगड, पाचू दगड. तिच्या लेखी मान फक्त जिवातून आलेल्या वस्तूंना आहे: मोती, पोवळं, अंबर. पोवळं म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी बांधलेलं घर, अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाची गोठलेली राळ. त्यामुळे ही खातीही तिनं आपल्याकडे घेतली. अंबराची परीक्षा निरुपद्रवी असते. पातेल्यात भरपूर मीठ विरघळवायचं आणि मणी सोडायचा. अंबर तरंगतं, काच बुडते. एका पाहुण्याची अंबराची माळ तिनं अशी स्वयंपाकघरात तरंगवली. ते गृहस्थ इतके खूश झाले की त्या पातेल्याचा फोटो काढून घेऊन गेले.

पोवळ्याचं प्रकरण तितकं सुखाचं झालं नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त मामलेदारांना मंगळासाठी कुणीतरी पोवळं घालायला सांगितलं होतं. अंगठी महागाची होती. ते ती दाखवायला आले तेव्हा आत्या पोह्यांवर लिंबू पिळत होती. पोवळंही चुन्याचंच, मोत्याच्या नात्यातलं, आणि चुन्यावर आंबट पडलं की बुडबुडे येतात. हे तिनं कुठं ऐकलं होतं कोण जाणे. तिनं एक थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. "खरं आहे!" ती विजयानं ओरडली. मामलेदारही आनंदले. मग त्यांनी अंगठी पुसली आणि पोवळ्याच्या मधोमध एक पांढुरका निस्तेज डाग दिसला. त्यांचा मंगळ शांत झाला की नाही माहीत नाही. मामलेदार मात्र झाले नाहीत.

लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर हे सगळे मोत्याचेही वैरी आहेत, हे मात्र तिला पक्कं माहीत आहे. सगळं आवरून झाल्यावर मोती घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या आधी काढायचा, मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवायचा, असा तिचा दंडक आहे. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावायला कुणी आलं की ती गळ्यावर हात ठेवून मागं सरकते. ज्यांना कारण माहीत नाही त्यांना वाटतं बाई फार शालीन आहे.

आत्याच्या राज्याला पहिला धक्का माझ्या भाचीनं दिला. सायली मुंबईला जाऊन रत्नशास्त्र शिकली. खिशात भिंग घेऊन ती घरी आली तेव्हा आत्यानं तिचं कौतुकानं स्वागत केलं, आपला वारस आला ह्या भावनेनं. सायलीनं साडीच्या प्रदर्शनातून मॅचिंग म्हणून घेतलेली एक स्वस्तातली माळ पुढं केली. आत्यानं गालाला लावली, खिडकीशी नेली, दाताला लावली. चेहरा गंभीर झाला.

"आहे," आत्या म्हणाली.

"आहे ना? चीनमधली आहे, ताईआजी. गोड्या पाण्याच्या शिंपल्यात शेती करतात. एकेका शिंपल्यात डझनावारी. ह्यातल्या बहुतेकांच्या आत मणीसुद्धा घालत नाहीत, दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा तुकडा घालतात. त्यामुळे आतून बाहेरून सगळा मोतीच. भाजीच्या पिशवीच्या भावात मिळतो."

आत्यानं माळ परत दिली आणि विचारलं, "साडी कुठून घेतलीस?"

पण सायली सुटणारी नव्हती. दाताला फक्त वरचं कळतं, आतलं कळत नाही, हे ती त्या दुपारभर समजावत होती. जपानच्या तोबा गावच्या मिकिमोतोनं १८९३ साली अर्धगोल मोती पिकवला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या लोकांना पूर्ण गोल मोतीही साधला. शिंपल्यात गोल मणी घालायचा, सोबत पडद्याचा तुकडा ठेवायचा आणि समुद्रात टांगून वाट बघायची. तो मणीसुद्धा शिंपल्याचाच, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या जाड शिंपल्यांपासून कातलेला. १९२१ साली असे मोती लंडनच्या बाजारात आले आणि तिथल्या जवाहिऱ्यांची झोप उडाली, कारण डोळ्याला किंवा दाताला फरक कळेना. आखातातला धंदा तर तीसच्या दशकात बसलाच. एकीकडं हे पिकवलेले मोती, दुसरीकडं जगभरची मंदी, आणि १९३२ मध्ये बहारीनला तेल लागल्यावर पाणबुड्यांना दुसरी नोकरीही मिळाली.

"म्हणजे वरून जपान आणि पोटात अमेरिका," आत्या म्हणाली. "आपल्याकडची निम्मी मुलं अशीच आहेत. त्यांना कुणी खोटं म्हणतं का?"

ह्यावर सायलीकडं उत्तर नव्हतं. मग तिनं न्यूयॉर्कची गोष्ट काढली. १९१७ साली कार्तिए ह्या जवाहिऱ्यानं फिफ्थ अव्हेन्यूवरची एक आलिशान हवेली घेतली, ती शंभर डॉलर आणि मोत्यांचा एक दोनपदरी हार देऊन. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. तोच हार १९५७ मध्ये विकला गेला तो अवघ्या दीड लाखाला.

"आणि हवेली?"

"अजून तिथंच आहे. कार्तिएचं दुकान आहे तिच्यात."

"हवेलीवाला पुण्याचा नव्हता," आत्या म्हणाली. "मोतीही घेतले असते आणि भाडेकरू म्हणून राहिलाही असता."

एवढं होऊनही दातांवरची तिची निष्ठा ढळली नाही. ढळले ते दात. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वरची कवळी बसवली आणि पहिल्याच लग्नात आत्या विहिणीची चिंचपेटी तोंडाला लावून बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली. काही म्हणजे काही लागेना. आपला दात हाडात एका नाजूक स्नायुबंधात बसवलेला असतो आणि खरखर खरी त्या बंधाला कळते. कवळीला मुळं नाहीत आणि बंधही नाही. बसरा काय अन् बटण काय, सारखंच. त्या दिवशी आत्यानं चिंचपेटी परत देताना एक शब्दही काढला नाही. विहिणीच्या घरी आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण होतं म्हणतात.

पण कल्पक माणसाला साधनांची टंचाई कधी भासत नाही. तिनं दात उसने घेतले. पणतू ईशान तेव्हा सहा वर्षांचा, पुढचे सगळे दात शाबूत. प्रत्येक दागिन्याला एक चॉकलेट असा ठराव झाला. कार्यालयाच्या कोपऱ्यात पणजी बसलेली, पुढं पणतू, आणि मध्ये स्वच्छ रुमालावर कुणाच्या कुड्या, कुणाची वाकी, कुणाची नथ. एकदा तर नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्यासुद्धा अंतरपाट धरण्याआधी तिथून तपासून गेल्या. त्या पोरानं दोन लग्नसराया उत्तम काम केलं. फक्त एक झालं, 'शोभून दिसतो' ही परिभाषा त्याला कुणी शिकवली नव्हती.

माझ्या पुतणीच्या लग्नात वरमाईंचा तन्मणी त्याच्या हाती आला. मोठा, टपोऱ्या मोत्यांचा, एकालाही दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त मोठं व्हायची परवानगी नसलेला. माहीतगार माणूस तिथंच ओळखतो, कारण निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. सायली जवळच होती. तिनं भिंगातून मोत्यांची वेजं बघितली आणि पटकन भिंग खिशात घातलं. खऱ्या मोत्याचं वेज बारीक आणि कडा धारदार असते, कारण वजनाला भाव असल्यानं वेज पाडणारा एक कणही वाया घालवत नाही. इथं वेजाच्या तोंडाशी मुलाम्याचे पोपडे सुटले होते आणि आतून काच चकाकत होती. पण तिनं ईशानला खूण करायच्या आत त्यानं दात लावला होता.

"पणजी!" तो ओरडला. सनई नेमकी त्याच क्षणी थांबली होती. "हा एकदम गुळगुळीत!"

सगळं कार्यालय वळलं. वरमाईंचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडच्या पुरुषमंडळींनी एकमेकांकडं न बघता मनातल्या मनात मांडवखर्चाची बेरीज केली. ताईआत्या सावकाश उठली, तन्मणी ईशानच्या हातातून घेतला, गालाला लावला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुधाचे दात आहेत त्याचे. दुधाच्या दाताला बसरा कळत नाही." मग वरमाईंच्या गळ्यात तो स्वतःच्या हातानं घातला. "आहे," ती म्हणाली.

त्या लग्नात आमच्या मुलीला सासरहून जो मान मिळाला तो तिच्या बी.ई.च्या मार्कांवर मिळाला नसता. मी आत्याला नंतर विचारलं की पाठ केलेली परिभाषा मोडून असा धडधडीत खोटा निकाल का दिला. "मोत्याचा निकाल नव्हता तो," ती म्हणाली आणि पान जुळवू लागली.

पुढच्या महिन्यात ईशानचे पुढचे दोन्ही दात पडले आणि खातं बंद झालं. ह्या सक्तीच्या सुटीतच तिच्या मनात सायलीनं त्या माळेच्या दुपारी सांगितलेली एक्स-रेची गोष्ट घोळू लागली. नैसर्गिक मोती आणि पिकवलेला मोती ह्यांतला फरक नक्की करायचा तर प्रयोगशाळेतच करावा लागतो. क्ष-किरणांखाली पोटातला गोल मणी आणि त्याच्याभोवतीची रेघ दिसते. नैसर्गिक मोत्यात मण्याचा पत्ता नसतो, मधल्या बिंदूपर्यंत थरच थर. "माझा तन्मणी घेऊन जा," आत्या एक दिवस सायलीला म्हणाली. "मला संशय नाही. त्या यंत्राला एकदा बसरा बघू दे."

आम्ही सगळे मनातून धास्तावलो होतो. सगळेच खोटे निघाले तर ह्या वयात ती ते कसं सोसेल, ह्याची चर्चा तिच्या माघारी झाली. रिपोर्ट आला. पहिला आणि तिसरा पदर नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातले. मधल्या पदरातलेही तसेच, चौदा सोडून. ते चौदा पिकवलेले, मणीवाले.

आम्ही सुस्कारा सोडला. जवळजवळ सगळा तन्मणी खरा निघाला म्हणून कुणीतरी पेढे आणायचीही भाषा केली. आत्या कागदाकडं टक लावून बघत होती.

"चौदा," ती म्हणाली. "कुडीत मोती किती?"

"सात."

"आणि जोडात?"

कुणी बोललं नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आत्या नवी नवरी होती. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरायच्या आत सासूबाईंनी दागिन्यांचा डबा धाकट्या जाऊबाईंकडं दिला होता. त्या पर्वतीच्या बाजूला, उंचावर राहत. गणपतीत डबा परत आला. तन्मणी नव्या रेशमात ओवलेला होता. दोरा भिजून कुजला होता, म्हणून पटवेकऱ्याकडून गाठवून घेतला, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या. सगळ्यांनी त्यांचे आभार मानले होते.

"पर्वतीला पाणी चढलं नव्हतं," आत्या सावकाश म्हणाली. "मग दोरा भिजला कसा?"

त्या दिवसापासून तिची भूक वाढली आहे. साठ वर्षांपूर्वीचे फोटो ट्रंकेतून खाली आले आहेत. १९६३ च्या एका बारशाच्या फोटोत जाऊबाईंच्या कानात मोत्याच्या कुड्या दिसतात, १९६० च्या मुंजीत नाहीत. जाऊबाई केव्हाच वारल्या. कुड्या त्यांच्या मुलीकडं, कर्वेनगरला आहेत अशी पक्की खबर आहे. तिच्याकडं ह्या चैत्रात हळदीकुंकू आहे. आमंत्रण नव्हतं, ते आत्यानं फोन करून मिळवलं. ईशानचे पुढचे पक्के दात आता पूर्ण आलेत आणि त्याला दोन चॉकलेटांच्या बोलीवर बरोबर घेतलं आहे.

सायलीनं तिला पुन्हा एकदा समजावून पाहिलं. "ताईआजी, अगं खरा आणि पिकवलेला, दोन्ही दाताला सारखेच लागतात. ईशाननं कितीही घासलं तरी ते मोती आपले की कुणाचे, हे दाताला नाही कळायचं."

"मला माहीत आहे गं," आत्या कवळी बसवत म्हणाली. "पण तिला कुठं माहीत आहे?"